चौदावा चौकोन

सात पानं. त्यातलं एक कुरतडलेलं, म्हणजे खरं तर साडेसहा; पण पानं अपूर्णांकात मोजत नाहीत, म्हणून सात. फूल एक, तांदळाच्या दाण्याहून लहान, फिकट, खालच्या पाकळीवर एकच जांभळी रेघ. कळ्या दोन. मुळं कागदाला चिकटलेली, मोजता येण्याजोगी नऊ. उंची, मुळाच्या मानेपासून शेंड्यापर्यंत, एकतीस मिलिमीटर. काल बत्तीस होती. झाडं वाळताना आखडतात हे तिला माहीत होतं, पाठ होतं, परीक्षेत लिहून गुण मिळवलेलं होतं, तरीही ती पट्टी पुन्हा लावून पाहत राहिली, जणू आपण नीट मोजलं तर तो एक मिलिमीटर परत येईल.

कागद रोज बदलायचा. ओला काढायचा, कोरडा घालायचा, वर फळी, फळीवर पट्टा, पट्टा आवळायचा. आजचा पाचवा दिवस. आजच्या वर्तमानपत्रात नेमकं शब्दकोडं आलं होतं, आत्यानं निम्मं सोडवून टाकून दिलेलं, आणि झाड बरोबर रिकाम्या घरांवर पडलं होतं. रिकाम्या घरांत एक बिननावाची गोष्ट. तिला हसू आलं नाही. पाच दिवसांपूर्वी आलं असतं.

"झालं का तुझ्या गवताचं पेपर वाचून?" आत्या दारातून म्हणाली. तिच्या हातात मातीनं भरलेली बोटभर उंचीची काहीतरी रोपं होती. "हे माझ्या कुंडीत उगवलंय. फेकू, की याचीही शिरगणती व्हायचीय?"

"फेक. ती रोजची जात आहे."

"रोजची म्हणे! मग तुझी ती काय पाहुणी आहे?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा गेल्यापासून घरात या दोघीच. आत्यानं एकतीस वर्षं एका कचेरीत टाइपिंग केलं, आणि अजूनही ती टेबलावर बोटं ठेवली की दहाही बोटं आपापल्या जागी जाऊन बसतात. तिनं चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि जणू काही सहज आठवलं अशा आवाजात विचारलं, "आज अहवालावर सही आहे ना तुझी?"

"तीन वाजता."

"आणि नोकरीचं कायमचं पत्र?"

"सही झाली की."

"मग तोंड असं का? लग्नघरातून हाकलल्यासारखं?"

सांगावं की नाही... तिनं कपाच्या कानावरून बोट फिरवलं. पाच दिवस ती हे एकटीच बाळगून होती, आणि दर दिवशी ते, झाड आखडत होतं त्याच प्रमाणात, वाढत होतं. "आत्या, तक्त्यात मी चार ओळी 'वरीलप्रमाणे' लिहिल्यात."

आत्याची बोटं टेबलावर थांबली. "न बघता?"

"उभ्याउभ्या बघून. वाकले नाही."

"'वरीलप्रमाणे' ही आळशाची सही असते," आत्या म्हणाली. हे वाक्य ती तिला लहानपणापासून ऐकवत आली होती—गृहपाठाच्या वहीवर, किराण्याच्या यादीवर. मग थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, तिनं हळूच विचारलं, "कुणाला कळलंय का पण?"

"नाही."

"मग?"

तेवढंच. मग. दोन अक्षरांचा शब्द, आणि घरातून निघून कोपऱ्यावर वळेपर्यंत तो तिच्या चपलेत खड्यासारखा होता.

मग काय, आत्या, ती चालता चालता मनात म्हणाली. गावाच्या टोकाला बंद पडलेली वीटभट्टी आहे, तिच्यामागं मातीसाठी खणून खणून झालेला सखल तुकडा आहे, तो सोमवारपासून भर टाकून बुजवायचा आणि वर गोदाम उभं करायचं असं ठरलंय. बुजवण्याआधी तिथं काय उगवतं याची नोंद लागते. ती नोंद करायचं काम आमच्या कचेरीकडे आलं, कचेरीनं माझ्याकडे दिलं. वीस चौकोन. एक मीटर बाय एक मीटरची लोखंडी चौकट पाठमोरं उभं राहून खांद्यावरून मागं फेकायची, जिथं पडेल तिथं खुंटी ठोकायची, आणि चौकटीत जे जे हिरवं आहे ते मोजायचं. पाठमोरं का? बघून फेकली तर माणूस सोपी जागा निवडतो. मी बघून फेकली नाही, आत्या. तेरा चौकोन मी गुडघ्यांवर बसून मोजले. चौदाव्याला चार वाजले होते, डोक्यात ऊन भिनलं होतं, फाटकाशी कचेरीच्या गाडीचा चालक भोंगा वाजवत होता—एकदा, दोनदा, मग हात न काढताच—आणि समोर सगळीकडे तीच हराळी, तोच लव्हाळा, तेच. मी चौकट फेकली, खुंटी ठोकली, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं वरूनच पाहिलं, आणि चौदा, पंधरा, सोळा, सतरासमोर 'वरीलप्रमाणे'ची दोन दोन टिंबं मारून मोकळी झाले. आठ टिंबं. शेवटचे तीन दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नीट मोजले. त्यामुळं बाकीचं सगळं खरं आहे, हेच तर जास्त वाईट. खोटं खऱ्यात मिसळलं की हाताला लागत नाही.

पाच दिवसांपूर्वी ती विसरलेली मोजपट्टी आणायला म्हणून तिथं परत गेली. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. चौदाव्या खुंटीच्या पायाशी ते फूल उघडलेलं होतं. चार वाजता ते मिटलेलं असणार, आणि मिटल्यावर ते काहीच नव्हतं, गवतातली एक काडी. आनंद झाला तिला, कुणी हाक मारल्यासारखा, आणि त्या आनंदात तिनं ते मुळासकट उचललं.

कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंचा पहिल्या दिवसाचा नियम होता: दहा रोपं दिसली तर एक घ्यावं. आधी नऊ शोध, मग हात लाव.

तिनं नऊ शोधली नव्हती. तिनं दुसरं एकसुद्धा शोधलं नव्हतं.

कचेरीच्या वाटेवर भिंतीच्या फटीतून एक पिवळं फूल डोकावत होतं आणि त्याचं नाव तिच्या डोक्यात आपोआप उमटलं, मागोमाग त्याचं दुसरं नाव, बाबांनी ठेवलेलं: 'पोस्टमनची टोपी'. बाबांना फिरायला जाताना प्रत्येक झाडाचं नाव सांगायची हौस होती आणि माहीत मात्र एकाचंही नव्हतं. ज्याचं नाव येत नाही त्याला ते तिथल्या तिथं नाव ठेवत, अगदी ठामपणे, चष्मा वर सरकवून. 'रडूबाई.' 'मास्तरांची छत्री.' 'उधारीचं गवत'—कारण एकदा आलं की जात नाही. ती सगळं खरं मानत आली. कॉलेजच्या पहिल्या प्रात्यक्षिकात तिनं उत्तरपत्रिकेवर सुवाच्य अक्षरात 'रडूबाई' लिहिलं, आणि वर्ग हसला, आणि ती घरी येऊन बाबांशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी ते म्हणाले, "अगं, नाव नसलेलं झाड मला बघवत नाही. एकटं वाटतं."

आता ते नाहीत. आणि तिला वाटतं, बाबा, नाव नसणं तेवढं वाईट नाही. चुकीचं नाव मिळणं वाईट. किंवा नावाच्या जागी दोन टिंबं.

कचेरीत वरिष्ठांच्या टेबलावर अहवाल तयार होता, तक्ता सुटा वर ठेवलेला. सगळे त्यांना सर म्हणत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि हात अजून रानात फिरणाऱ्या माणसाचे, काट्यांच्या पांढऱ्या खुणा असलेले. त्यांच्या मागच्या कपाटात त्यांनी तरुणपणी वाळवलेली साडेचारशे झाडं होती, एकेक कागदावर शिवलेली. शिवण इतकी बारीक की नव्या नव्या दिवसांत ती जेवणाच्या सुट्टीत तेच बघत बसे. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. खलनायक असता तर सोपं गेलं असतं.

"सर, एक जात राहिलीय," तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. "चौदाव्या चौकोनात."

"चौदाव्यात?" त्यांनी तक्ता उलटला, बोट खाली आणलं. "चौदाव्यात तर तेराव्याप्रमाणे आहे. तुझ्याच अक्षरात."

"ते चुकीचं आहे. मी वाकून मोजलं नव्हतं."

त्यांनी वर पाहिलं. पंख्याचे तीन फेरे झाले, तिनं मोजले. "बस," ते म्हणाले. ती बसली. "कुठली जात?"

"कळलं नाही. झाडं ओळखायच्या कोष्टकात प्रश्नांच्या तेविसाव्या जोडीपर्यंत गेले. तिथं विचारलंय, पुंकेसर चार असतील तर चोविसाकडे जा, दोन असतील तर एकोणतिसाकडे जा."

"आणि?"

"हिच्यात तीन आहेत."

ते हसले, आणि त्या हसण्यात क्षणभर तो कपाटातला तरुण माणूस दिसला, ज्याला तीन पुंकेसर म्हटल्यावर चप्पल घालून निघावंसं वाटलं असतं. "तीन नसतात," ते म्हणाले.

"भिंगाखाली चारदा मोजलेत."

"एखादा गळला असेल."

"मग देठाची खूण राहिली असती."

"बरं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऐक. त्या कुळातल्या ओल्या जागच्या एखाद्या साध्या झाडाचं नाव टाक. सगळीकडे असतं असं. कुणी विचारणार नाही. नाहीतर तक्ता आहे तसा राहू दे."

"नाव माहीत नाही, सर."

"नाव नाही तर यादीत कशी घालणार? बिननावाची? यादी म्हणजे नावंच असतात अगं."

"'अनोळखी' लिहीन."

"किती रोपं?"

हाच तो प्रश्न होता. पाच दिवस ती स्वतःला तोच सोडून बाकी सगळे विचारत होती. "एक," ती म्हणाली. "मी उचललेलं."

त्यांची नजर मागच्या कपाटाकडे गेली; दहात एकचा नियम त्यांनाही पाठ होता. शिकवणाऱ्या बाईंना तो कदाचित त्यांनीच शिकवला असेल. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "तीनपेक्षा कमी असतील तर ती भटकी समजायची, हे तुला माहीताय. वाऱ्यानं आलेली. नोंद होत नाही. आणि नोंद झाली नाही तरी तुझी टिंबं मात्र उघडी पडणार. चार चौकोन न मोजता भरले, असं लेखी. त्या लेखीवर कायमचं पत्र कोण देईल तुला? मी दिलं तरी वरचे अडवतील. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?"

"कारण हात माझा आहे, सर."

हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण फार आगाऊपणा केला. आणि त्याच्या पाठोपाठ वाटलं, नाही, थोडाच.

"तीन वाजेपर्यंत तक्ता मला हवा," ते म्हणाले. "आहे तसा. किंवा..." पुढचा शब्द त्यांनी सोडून दिला. ती उठली तेव्हा घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिनं टेबलावरचा तक्ता उचलला, कोपऱ्यातली लोखंडी चौकट खांद्यावर अडकवली, आणि निघाली. त्यांनी थांबवलं नाही. हेही तिनं नोंदवून ठेवलं.

भट्टीच्या फाटकाशी म्हातारा पहारेकरी खुर्चीत बसून पायाचं नख कापत होता. "या मोजणीबाई! आज काय हरवलं? गेल्या खेपेला पट्टी हरवली होती."

"आज चार चौकोन हरवलेत, काका."

"चौकोन?" तो विचारात पडला. "गोल असता तर घरंगळला म्हटलं असतं. चौकोन कुठं जायचा नाही. बघा, तिथंच असेल."

ती हसली. दिवसातलं पहिलं हसू. काका पाठीमागून ओरडला, "सोमवारी मातीच्या गाड्या यायच्यात, म्हणून सांगतो! खुंट्या बिंट्या काय असतील त्या घेऊन जा तुमच्या!"

चौदावी खुंटी सखल भागात होती, जिथं जुन्या खाणीचं पाणी जमिनीखालून झिरपत वर येतं. तिच्या पायाशी एक भोक होतं. अंगठ्याएवढं. तिनंच केलेलं. त्यात पाणी साठलं होतं आणि पाण्यात आभाळाचा एक तुकडा होता. तिनं खोली मोजली: चार सेंटिमीटर. कशासाठी मोजली, ते तिला सांगता आलं नसतं. मग तिनं चौकट जुन्या खुणेवर ठेवली, दोऱ्यानं तिचे चार भाग केले, आणि गुडघे टेकले. ओल कापडातून लगेच आत आली. तीन आठवड्यांपूर्वी हेच तर टाळलं होतं, हा थंड स्पर्श, एवढ्याचसाठी... आठ टिंबांची किंमत म्हणजे गुडघ्यांवरचे दोन ओले ठिपके.

वेळ अकरा वीस. पहिला भाग. हराळी, लव्हाळा, एक बोटभर टाकळा, आणखी दोन ज्यांची नावं आहेत. अनोळखी: नाही.

दुसरा भाग. नाही.

जवळून बघितलं की 'तेच' असं काही नसतं. लव्हाळा दोन तऱ्हांचा निघाला, एकाची काडी तीनकोनी, एकाची गोल. हराळीच्या आड जमिनीला चिकटून लाल देठाचं काहीतरी होतं, त्याच्या आड शेवाळ, शेवाळात मुंगीएवढी पानं. तिनं वरून पाहिलं तेव्हाही हे सगळं इथंच होतं, आणि ती भोंगा ऐकत होती. मन म्हणालं, समजा नाहीच सापडलं. समजा जगात होतं ते एकच होतं आणि ते तुझ्या टेबलावर शब्दकोड्यावर पडलंय, रोज एकेक मिलिमीटर आखडत. मग काय लिहिशील? 'होतं'? तक्त्यात भूतकाळाचा रकाना नसतो.

मग तसा रकाना आखीन, ती स्वतःला म्हणाली. पट्टी आहे माझ्याकडे.

पिशवीत फोन वाजू लागला. कचेरीचा असणार. तिनं बोट ज्या पानावर होतं तिथून हलवलं नाही. हलवलं असतं तर मोजणी चुकली असती. नऊ वेळा वाजला, थांबला. अकरा वाजून एकतीस मिनिटं. तिसरा भाग, खुंटीच्या डाव्या अंगाला, दोन लव्हाळ्यांच्या मधे—जांभळी रेघ.

तिनं भिंग काढलं, पोटावर आडवी झाली, आता गुडघ्यांचा हिशेब संपलाच होता. तीन. पुंकेसर तीन. फूल जिवंत असताना त्यांची टोकं निळसर होती, हे तिला वाळलेल्यावरून कळलंच नव्हतं. तिनं हात पाठीमागं घेतले, दोन्ही, 'हात लावू नकोस' म्हटल्यावर मूल घेतं तसे. "नाही लावत," ती मोठ्यानं म्हणाली. कुणाला, ते तिला ठाऊक नव्हतं.

चौथ्या भागात आणखी एक. अजून उघडायचं होतं. ती बघत असतानाच उघडलं, किंवा उघडलेलं तिला दिसलं.

मग ती शोधत राहिली. चौकटीत एक बोटाएवढी जागा शिल्लक ठेवली नाही. तिसरं हवं होतं. नियमाला तीन रोपं लागत होती, आणि तिला स्वतःचं मन ओळखीचं होतं—एका मिटलेल्या काडीला ते फूल म्हणायला तयार झालं, एका शेवाळाच्या दांडीला कळी. दोन्ही वेळा तिनं भिंग लावलं. दोन्ही वेळा नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी दोन्ही फुलं मिटली, आणि चौकट पुन्हा वरून पाहिल्यासारखी दिसू लागली: हराळी, लव्हाळा, तेच.

पंधरा, सोळा, सतरा तिनं त्यानंतर मोजले, वाकून, एकेक काडी. अनोळखी जात त्यांत नव्हती. पण एकही चौकोन दुसऱ्यासारखा नव्हता, तेराव्यासारखा तर नाहीच.

दोन वाजता ती फुटक्या विटांच्या ढिगावर बसली आणि तक्ता मांडीवर घेतला. नोंद खोडायची ती एकाच आडव्या रेघेनं, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. खोडरबर, पांढरा रंग काही चालत नाही. चुकलेलं दिसलं पाहिजे. तिनं चार रेघा मारल्या, चार सह्या केल्या. टिंबं रेघांखाली स्पष्ट दिसत होती, आठच्या आठ. छातीत जी धडधड पाच दिवस होती ती तिनं शोधली, आणि ती कुठं गेली हे तिला सापडेना. तिच्या जागी काहीतरी सपाट, कोरडं, टणक होतं, पट्टा आवळलेल्या फळीसारखं. सर यादीत घेतील की नाही, पत्र मिळेल की नाही, सोमवारी गाड्या थांबतील की नाही... फाटकाशी कुठलीशी गाडी भोंगा वाजवत होती. तो वाजत असल्याचं तिला काका ओरडल्यावर कळलं. "मोजणीबाई, सापडले का चौकोन?"

"सापडले, काका!"

"म्हटलं नव्हतं?"

सर म्हणतील, तिसरं कुठाय? तिसरं माझ्या टेबलावर आहे. ते वाऱ्यानं आलेलं नव्हतं, ते इथंच उभं होतं, आणि ते इथं नाही याचं कारण वारा नाही. तिनं पेनाचं टोपण काढलं. शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला, आणि त्याच्या अलीकडच्या, मोजणीच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, लिहिलं:

चौकोन चौदा. फेरमोजणी, वेळ अकरा वीस ते बारा दहा. जाती अकरा. पैकी अनोळखी एक. अनोळखी जातीची जागेवर उभी रोपं दोन. उपटलेलं रोप एक. उपटणारी, खाली सही करणारी. एकूण तीन.